पहिल्या पाण्याचा हिरवा चहा

लग्न होऊन सांगलीला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या जाऊबाईंनी माझ्यापुढे एक पितळी फुलपात्र ठेवलं. त्यात कोमट, फिकट तांबूस असं काहीतरी होतं. मला वाटलं, पातेलं विसळलेलं पाणी आहे आणि नव्या नवरीनं ते परसातल्या झाडाला घालायची इथली काही रीत असेल. मी उठले, मागच्या दारी गेले आणि जास्वंदीच्या बुडाशी ओतून आले.

जाऊबाई बघतच राहिल्या. "अगं, चहा हुता तो तुझा," त्या म्हणाल्या.

त्या घरात चहा तीन पाण्यांचा व्हायचा. पहिल्या पाण्यात पूड पडे, दूध पडे, गोड पडे, आणि तो कपबशांतून पुढच्या सोप्यात जाई. तिथं मामंजी, थोरले दीर, आमचे हे आणि हळदीच्या सौद्याला आलेले व्यापारी बसलेले असत. मग फडक्यात उरलेला चोथा परत पातेल्यात पडायचा, वर पाणी, आणि तो दुसऱ्या पाण्याचा चहा सासूबाईंचा, आणि कुणी शेजारीण आली तर तिचा. मग तोच चोथा पुन्हा एकदा उकळायचा आणि जे काही निघेल ते आम्हा दोघी सुनांचं. दूध तोवर संपलेलं असायचं. गोड असलंच तर पातेल्याच्या कडेला चिकटलेलं.

ही रीत कुणी घातली हे कुणाला ठाऊक नव्हतं. गरिबी म्हणावी तर तीही नव्हती. घरात हळदीचा व्यापार होता, दारात म्हैस होती. पुढं लढाईचे दिवस आले, साखर रेशनवर गेली, चहाची पूड मिळेल तेव्हा मिळेल अशी झाली, आणि मग या रितीला कारणही मिळालं. "लढाई हाय, पोरी, जपून वापरावं," असं सासूबाई म्हणायच्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. लढाई हिटलरशी होती आणि जपून वापरायचं ते फक्त आम्ही दोघींनी! साखरेच्या जागी गूळ आला. गुळानं दूध फाटायचं. फाटलं की दोष गुळाला नाही, ज्या सुनेनं पातेलं चढवलं तिच्या हाताला.

मी ह्यांना एकदा विचारलं, की हे तीन पाण्यांचं काय प्रकरण आहे. तर म्हणाले, "चहाच तर हाय. त्यात काय एवढं?"

"मग एक दिवस तुमी घ्या की तिसऱ्या पाण्याचा."

ते हसले. मला विनोद करायचा नव्हता. माझ्या नाकाला मिरच्या झोंबलेल्या होत्या आणि त्या पुढं दोन-अडीच वर्षं झोंबतच राहिल्या. चहावाचून माणूस मरत नाही, मलाही ठाऊक आहे. पण रोज उजाडता उजाडता आपली पायरी कुठली हे कुणीतरी भांड्यात घालून हातात द्यावं आणि आपण ते मुकाट्यानं घशाखाली उतरवावं, हे मला जमत नव्हतं. मला माझा चहा हवा होता. कुणाचा पिऊन उरलेला नाही, माझा.

माझं माहेर पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिकडं बांधाला, गोठ्यामागं, न्हाणीच्या पाण्याला, जिथं म्हणून ओल टिकेल तिथं हिरव्या चहाचं बेट असायचं. गावाशहरांत त्याला गवती चहा म्हणतात. आम्ही हिरवा चहा म्हणायचो, कारण काळा, म्हणजे पुडीचा, चहा आमच्याकडं मोठा पाहुणा आला तरच निघायचा. आता माझी नात हिरवा चहा म्हणून कागदी पुड्या गरम पाण्यात बुचकळते, वजन उतरावं म्हणून. तो चहाच्याच झाडाचा, फक्त काळा न केलेला. मला तो भिजवलेल्या पाल्यासारखा लागतो, पण तिनं दिला म्हणून पिते. मी सांगते तो हा नव्हे. आमचा म्हणजे हातभर लांब पात, कडेला विळ्यासारखी धार, आणि चुरगळली की लिंबाचा वास. सकाळी आई चार पाती कापून आणायची, त्यांची गाठ मारून पातेल्यात टाकायची, आल्याचा तुकडा ठेचून आणि गुळाचा खडा. जो उठेल तो चुलीपुढं येऊन बसे. माझे आईवडील एकाच पातेल्यातला चहा एकाच वेळी, एकमेकांसमोर बसून पीत. यात काही विशेष आहे हे मला सांगलीला आल्यावर कळलं.

तेव्हा एका उन्हाळ्यात माहेरपणाहून परतताना मी बेटातला एक गड्डा उपटून घेतला. मुळं ओल्या पोत्यात गुंडाळली आणि मोटारीत मांडीवर घेऊन बसले. पेट्रोल नव्हतं म्हणून सर्व्हिस मोटारी तेव्हा कोळशावर चालायच्या. मागं भट्टी लावलेली असे, आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. मी गड्डा घेऊनच उतरायची आणि गड्डा घेऊनच चढायची. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "लिंबं हायत का गं पोत्यात? लय वास सुटलाय."

सासूबाईंनी पोतं उघडून बघितलं. "माहेरास्नं गवत आणलंस? आमच्या म्हशीला कडबा कमी पडला व्हय?"

"म्हशीला न्हाई, मला आणलंय," मी म्हटलं.

न्हाणीचं पाणी परसात जिथं वाहून जायचं तिथं मी तो गड्डा लावला. पहिले काही दिवस पाती पिवळी पडली, आणि सासूबाई येता-जाता "मेलं का गं तुझं गवत?" असं विचारून जायच्या. मग नवी पात फुटली. सांगलीची काळी जमीन आणि घरभराच्या आंघोळीचं पाणी. वर्षभरात बेट माझ्या कमरेला लागलं.

सुरुवातीला कुणी काही बोललं नाही, कारण मी त्याचा चहा करतच नव्हते. मी आधी ते घरात मुरवलं. रेशनच्या तांदळाला पोत्याचा कुबट वास यायचा. भात रटरटायला लागला की मी एक पात गाठ मारून टाकायची आणि वाढण्याआधी काढून घ्यायची. मामंजी म्हणाले, "औंदा तांदूळ बरा मिळाला." मी पदरात हसले. मटणाच्या पातेल्याचा वास जाईना तर पातीच्या बुडख्यानं घासायची. कुणाचं अंग कसकसलं की त्याच पाण्याचा वाफारा. गोधड्यांच्या ट्रंकेत वाळली पाती, गोठ्यात डास झाले की ओल्या पातींची धुरी, नहाण्याच्या पाण्यात दोन पाती. उकळून झालेला चोथा अळूच्या बुडाशी टाकायची, तर अळूची पानं सुपाएवढी झाली. त्याच अळवाच्या वड्या खाताना थोरले दीर स्वराज्यावर बोलायचे.

त्यांचं सांगायलाच हवं. चले जावचे दिवस होते. आमच्या सातारा-सांगलीकडं तर पोलिसांची झोप उडालेली. दीर खादी घालायचे, विलायती काडेपेटीसुद्धा घरात नको म्हणायचे, आणि इंग्रजाला हाकलायच्या गप्पा तिसऱ्या कपापर्यंत चालायच्या. एकदा भाकरी वाढता वाढता माझ्या तोंडून निघून गेलं, "भावजी, कंपनीचा चहा तेवढा सुटला न्हाई तुमास्नी."

दीर म्हणाले, "चहा आपल्याच देशात पिकतो."

"मळा आपला, पर मालक गोरा. आमच्या न्हाणीमागं पिकतो त्याचा मालक तरी घरचा हाय."

आत आल्यावर हे माझ्यावर चिडले. "तोंड आवर जरा," म्हणाले. मी आवरलं नाहीच, वर दुसऱ्या दिवसापासून माझा चहाही सुरू केला.

रीत अशी बसवली. मोठ्या चुलीवर पुरुषांचा काळा चहा उकळत असायचा, तेव्हाच शेजारच्या वैलावर, जिथं नुसती आच यायची, तिथं माझं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, छोटं पातेलं. चार पाती, आलं, गुळाचा खडा. यात दूध नाही, म्हणून फाटायची भीती नाही. पुढचा चहा पुढं गेला की मी माझं फुलपात्र घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर बसायची. घरातलं सगळं काम अंगावर यायच्या आधीचा तेवढा वेळ माझा.

थोरल्या जाऊबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "मला नगं बाई. आत्याबाई काय म्हनतील?" मग एक दिवस उभ्यानं घेतला, एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवून, कुणी हाक मारली तर पळता यावं म्हणून. पहिला घोट घेतला आणि "आई गं!" म्हणून ओरडल्या.

"काय झालं, आक्का?"

"जीभ भाजली." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पायरीवर बसल्याच. चहानं जीभ भाजते हे त्या विसरून गेल्या होत्या. तिसऱ्या पाण्याचा चहा कधी कढत नसतो ना. माझ्या आधी कितीतरी वर्षं त्या तो पीत होत्या. मला हसू आलं आणि रागही आला.

मग आम्ही दोघी रोज बसायला लागलो. शेजारणीही हळूहळू कुंपणावरून हात पुढं करायला लागल्या. कुणाला पडशासाठी पाती हवी, कुणाला बाळंतिणीच्या पाण्यात टाकायला. प्रत्येकीचं कारण वेगळं, पण पायरीवर टेकून दोन घोट घेतल्याशिवाय कुणी जायची नाही.

सासूबाईंनी पंधरवडाभर बघितलं आणि मग एका सकाळी त्या मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय चाललंय?"

जाऊबाई ताडकन उठल्या. मी बसूनच राहिले. "आत्याबाई, ह्यात पूड न्हाई, साखर न्हाई, दूध न्हाई. गवत हाय. कुनाच्या वाट्याचं कायबी घेतल्यालं न्हाई."

"गवताचं न्हाई म्हनत मी," त्या म्हणाल्या. "बसन्याचं म्हनते. घरातल्या बाप्या-गड्यांचा चहा पिऊन व्हायच्या आत सुना पाय पसरून बसत्यात. ह्या घरात असं कवा झालं न्हाई."

त्या खरं बोलल्या, हे मी कबूल करते. भांडण गवताचं नव्हतंच. पण बसण्यावर बंदी घालायला कारण नव्हतं, शेजारणी हसल्या असत्या. गवतावर घालता येत होती.

श्रावण लागला तसं त्यांनी पुढच्या सोप्यात, सगळ्यांच्या देखत सांगितलं, "त्या न्हाणीमागच्या बेटात जनावर हाय. मी डोळ्यानं बघितलं. हे एवढं लांब." जनावर म्हणजे साप. श्रावणात त्याचं नाव घेत नाहीत. मामंजींनी मान डोलावली. ओलीला, दाट पातीत साप बसतो हे सगळेच मानतात, त्यात खोटं काही नव्हतं. "खणून टाका," ते म्हणाले, "लेकरंबाळं फिरत्यात."

मी त्या बेटात दिवसातून दोनदा हात घालत होते. एखादा बेडूक सोडला तर तिथं काही नव्हतं. पण सासू म्हणते डोळ्यानं बघितलं, आणि सून म्हणते नाही, तर ऐकणार कुणाचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दोन दिवसांनी जाऊबाईंनी हळूच कानात सांगितलं. पंचमीच्या सणाला मी माहेरी जाणार होते, भाऊ न्यायला येणार होता. मी गेले की हळदीच्या वखारीतला हमाल कुदळ घेऊन येणार आणि बेट मुळासकट निघणार. परत आल्यावर मी काय करणार होते? रडणार, नाहीतर तिसऱ्या पाण्याचा चहा पिणार.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी भाऊ आला. आमच्याकडं नागपंचमीला लेक माहेरी जातेच. झोके, फेर, गाणी, सगळ्या वर्षाचं हसणं त्या चार दिवसांत. नाग म्हणजे बाईचा भाऊ, त्याच्यासाठी आदल्या दिवशी उपास धरायचा. मीही धरला होता. भाऊ सोप्यात बसला. मी पाणी दिलं आणि म्हटलं, "दादा, मी येत न्हाई."

त्याला वाटलं मी आजारी आहे. मी त्याला परसात नेलं आणि सगळं सांगितलं.

"येडी हाईस का?" तो म्हणाला. "गवतापायी पंचमी सोडतीस? तिकडं आई वाटंला डोळं लावून बसली आसंल. गवताचं काय, गाडीभर देतो तुला."

"गवतापायी न्हाई, दादा."

"मग कशापायी?"

मला नीट सांगता येईना. मी म्हटलं, "मी गेले तर हे खणतील. आन मग मी परत आल्यावर जिथं बसायची तिथं बसायला जागाच राहनार न्हाई." तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं आणलेला लाह्यांचा पुडा माझ्या हातात दिला आणि दुपारच्या मोटारीनं परत गेला. तो गेला तेव्हा मात्र मी न्हाणीत जाऊन पोटभर रडले. पंचमीला माहेरी न गेलेली मी आमच्या भावकीतली पहिली.

संध्याकाळी हमाल आला, खांद्यावर कुदळ. जत भागातला, धिप्पाड गडी. सासूबाईंचा बेत मोडला नव्हता, मी घरात असले तरी खणायचंच असं त्यांनी ठरवलेलं. मी बेटापुढं जाऊन उभी राहिले.

"मामा, वाईच थांबा. आत्याबाईंनी हितं जनावर बघितलंय, ठाव हाय न्हवं?"

"व्हय, तसंच म्हनलं मालक."

"उद्या पंचमी. आन आज तुमी त्याचं घर खणनार?"

त्यानं सासूबाईंकडं बघितलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. काय बोलणार? साप नाही म्हणावं तर स्वतःचं बोलणं खोटं पडतं. आहे म्हणावं तर पंचमीच्या तोंडावर नागाच्या घरावर कुदळ. आमच्याकडं त्या दिवशी बायका भाजीसुद्धा चिरत नाहीत, तवा चुलीवर ठेवत नाहीत, जमीन खणणं तर दूरच. हमालानं कुदळ खाली ठेवली, बेटाला हात जोडले. "न्हाई बा, मला पोरंबाळं हायत," म्हणाला, आणि आला तसा गेला.

पण पंचमी काय, एका दिवसाची. दुसऱ्या दिवशी काहीच केलं नाही तर तिसऱ्या दिवशी कुदळ परत आली असती. म्हणून मी पहाटेच न्हाले, भावानं आणलेल्या लाह्या घेतल्या, वाटीत दूध, हळदकुंकू, आघाडा, दूर्वा. बेटाच्या बुडाशी शेणानं सारवलं, हळदीनं पाटावर नाग काढला आणि पाट तिथं मांडला. मग कुंपणाशी जाऊन शेजारणींना मोठ्यांदा सांगितलं, "औंदा वारुळाला लांब जायला नगं. आमच्या आत्याबाईंना आमच्याच परसात दर्शन झालंय."

बायका लोटल्या. सांगलीच्या त्या गल्लीत तेवढ्या बायका एका परसात मी पुन्हा कधी बघितल्या नाहीत. जाऊबाईंना मी काही सांगितलं नव्हतं. त्या आपण होऊन आल्या आणि पूजेला माझ्या शेजारी बसल्या, चांगल्या पाय मोडून, निवांत.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांचं माहेर शिराळ्याचं. शिराळ्यात पंचमीला जिवंत नाग घरात आणतात, पाटावर ठेवतात, बायका त्याला ओवाळतात. त्यांनी लहानपणी ओवाळला होता, आम्हाला शंभरदा सांगितलं होतं. मी म्हटलं, "आवं आत्याबाई, या की. तुमच्या माहेरचा देव, पयली पूजा तुमची."

सगळ्या बायकांनी वाट करून दिली. सासूबाई आल्या. त्यांना ठाऊक होतं तिथं साप नाही. मला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. आणि दोघींपैकी कुणालाच ते बोलता येत नव्हतं. त्यांनी दूध वाहिलं, लाह्या वाहिल्या, हात जोडले. डोळे मात्र नागाच्या पाटावर नव्हते, माझ्यावर होते. मीही खाली बघितलं नाही. खोटं त्यांचं, पूजा माझी, आणि गवत दोघींच्या मधे.

त्या दिवसानंतर ते बेट खणायची कुणाची छाती झाली नाही. मामंजी म्हणाले, "देवाची जागा झाली ती आता. राहू द्या." हे मला म्हणाले, "तू कुनाला ऐकायची न्हाईस." यात कौतुक किती आणि तक्रार किती हे मी विचारलं नाही.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाती कापून आणली. मोठ्या चुलीवर काळा चहा, वैलावर माझं पातेलं. त्या दिवशी माझंच आधी उकळलं, ते उतरवून फुलपात्रं भरली आणि आम्ही दोघी पायरीवर बसलो तोच सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. मी मनात कंबर कसली. काल जिंकले होते, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे मला माहीत होतं. त्यांचाही आणि माझाही.

"नागाचा परसाद म्हनत्यात बायका त्याला," त्या म्हणाल्या. "परसाद काय दोघींनीच खायचा?"

जाऊबाई उठायला लागल्या, तर त्यांनी हातानंच खाली बसवलं आणि स्वतः आमच्या शेजारी टेकल्या. मी माझं फुलपात्र त्यांच्यापुढं केलं. त्यांनी ते हातात घेतलं, आत बघितलं.

"ह्यो कितव्या पाण्याचा?"

"पयल्याच," मी म्हटलं.

"आन पयला कुनी घेतला?"

"कुनीच न्हाई. तुमीच घेताय."

त्यांनी एक घोट घेतला. जीभ भाजली असणार, पण तोंड वाकडं केलं नाही. दुसरा घोट घेतला. मग फुलपात्राकडं बघत म्हणाल्या, "मी ह्या घरात आले तवा माझी सासू पयल्या पाण्याचा चहा गड्यांस्नी द्यायची. दुसरं पानी तिचं. ती गेली, मग दुसरं पानी माझं झालं. मला वाटलं, चला, आता आलं आपल्या हातात. पर पयल्याचा घोट मी आजवर कवा घेतला न्हाई बघ. कसा लागतो तेबी ठाव न्हवतं."

इतकी वर्षं मी यांच्याशी भांडत आले होते. मला वाटत होतं, पहिलं पाणी यांनीच अडवून धरलंय. त्यांना तरी कुठं मिळालं होतं? त्यांना एक पायरी वर चढवून ठेवलं होतं, आणि त्या पायरीला त्या जन्मभर घट्ट धरून बसल्या होत्या. मला त्यांची कीव आली. राग गेला असं मात्र म्हणणार नाही. मी देवाची बाई नाही. राग तेवढाच राहिला, फक्त त्याचं तोंड फिरलं आणि पुढच्या सोप्याकडं झालं.

तेवढ्यात तिकडून मामंजींची हाक आली, "चहा कुठं हाय?"

आम्ही दोघी सुना सवयीनं उठलो. जाऊबाईंचा एक पाय उंबऱ्याच्या आत गेलासुद्धा. सासूबाई हलल्या नाहीत. हाक पुन्हा आली, जरा चढ्या आवाजात. तेव्हा त्यांनी मान वळवली आणि ज्या आवाजात त्या वखारीच्या हमालांना हाका मारायच्या त्या आवाजात, सोप्यापर्यंत जाईल असं सांगितलं, "थांबा वाईच! आमचा चहा व्हायचाय अजून."

सासूबाईंनी आम्हाला खाली बसायची खूण केली, आणि आम्ही बसलो.